आधी कॅरिअर, मग तंबू

सायकलवर लांब जायचे म्हटले की आमच्या वर्गात पहिली चर्चा निघते ती तंबूची. देशी की परदेशी, किती हजारांचा? ज्याला तो परवडत नाही तो गप्प बसतो आणि सहलीतून आपोआप गळतो. हे मला मुळीच पटत नाही.

हैदराबादहून बीदर सुमारे १४० किलोमीटर. वाटेत संगारेड्डी, झहीराबाद; पोहोचल्यावर नानक झिरा साहिब गुरुद्वारात लंगर. अशा रस्त्यावर तंबूचे ओझे ओढायचे कशासाठी? आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, वापर वर्षातून दोन रात्री आणि घसारा बारा महिने!

पैसा घालायचाच तर मागच्या कॅरिअरवर घालावा. दूधवाला पाहा. जड कॅन तो चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली टांगतो. भार सारखा आणि जमिनीजवळ, म्हणून सायकल डुलत नाही. आपण विद्वान मात्र तेच ओझे पाठीवर घेतो आणि दहा मैलांत खांदे चोळत बसतो. जाड कॅनव्हासची पडशी बॅगा शिवणारा कोणीही शिवून देईल. पायडल मारताना टाच लागणार नाही इतकी ती मागे बांधावी, आणि बंद स्पोकांत लोंबू देऊ नयेत. कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावेत.

लडाखला जाणाऱ्याने तंबू जरूर घ्यावा. दिवाळीनंतर बीदरला निघणाऱ्याला सतरंजी, ब्लँकेट, पंक्चरचे सामान आणि पंप पुरे. कन्नड विभागातल्या मित्रांनी मात्र बरोबर यावे. झहीराबादच्या पुढे रस्ता त्यांनीच विचारायचा आहे.