हिरो नसलेलं गाणं

नव्वदीच्या शेवटी हिट झालेल्या इंडीपॉपमधलं बरंचसं आज ऐकवत नाही, आधीच सांगून टाकते. सिंथेसायझरचा नुसता मारा! पण केकेचं 'पल' लागलं की कोणी गाणं बदलत नाही. का? माझं म्हणणं सोप्पंय. फिल्मी गाण्यासोबत हिरो फुकट येतो. डोळे मिटले तरी शाहरुखच हात पसरून उभा. १९९९ सालच्या 'पल'ला लेस्ली लुईसचं संगीत होतं, मेहबूबचे शब्द होते, सिनेमा मात्र नव्हता. त्यामुळे डोळे मिटल्यावर दिसतात ते आपलेच चेहरे. कॅन्टीनमधले, हॉस्टेलमधले. म्हणून तर ते आणि त्याच अल्बममधलं 'यारों' कॉलेजच्या फेअरवेलमध्ये हक्कानं घुसले. आता ऑफिसातल्या सेंड-ऑफलाही वाजतात आणि नोटीस पिरियडवाला बिचारा डोळे पुसत बसतो.

३१ मे २०२२ ला केके कोलकात्यात शेवटचा गायला, तोही कॉलेजचाच कार्यक्रम. शेवटचं गाणं 'पल'. त्याच रात्री तो गेला. समोरच्या कितीतरी पोरांपेक्षा ते गाणंच वयानं मोठं होतं, तरी पोरं सोबत गात होती.

चार्टवर कितवा नंबर होता, ते जाऊ दे. हे गाणं गाताना तुमच्या खांद्यावर कोणाचा हात होता, आठवतंय ना? मग करा की फोन!