गाळलेले पहिले गाणे

शाळेच्या संमेलनातून ऐन वेळी गाणे वगळले, म्हणून आमची नात रुसून बसली होती. तिला घेऊन मी मुद्दाम आमच्या मीरा-भाईंदरच्या लता मंगेशकर नाट्यगृहापाशी गेलो. म्हटले, "बाळ, ही पाटी वाच. लताबाईंचं चित्रपटासाठी पहिलं गाणं १९४२ साली ध्वनिमुद्रित झालं, 'किती हसाल'साठी. वय अवघं बारा! पण चित्रपट पडद्यावर आला तो गाणं गाळूनच. त्याच एप्रिलात वडील, मास्टर दीनानाथ, गेले. तरी त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये त्या गायल्या अन् पडद्यावर दिसल्याही!"

नात क्षणभर गप्प. मग म्हणाली, "आजोबा, माझं गाणं तुम्ही तरी ऐकाल ना?"

वाचकहो, यंदा आमच्या घरचा फराळ त्या गाण्यानंतरच!