गाण्याला भाषा असते!

‘संगीताला भाषा नसते’ असे सभेत म्हटले की हमखास टाळी पडते. मला हे साफ नामंजूर आहे.

एकोणिसाव्या शतकातले हेलसिंकी पाहा. शिकल्यासवरलेल्यांची भाषा स्वीडिश. फिनिश मुख्यतः शेतकऱ्यांची, नोकरचाकरांची. १८३८ साली हँबर्गला जन्मलेल्या पासिउसने तिथल्या विद्यापीठात पुरुषांचे गायनमंडळ काढले. १८४८ साली विद्यार्थ्यांच्या वसंतोत्सवात त्याची एक नवी चाल गायली गेली. शब्द अर्थातच स्वीडिश.

पुढे १८८३ साली विद्यार्थ्यांनी फिनिशमध्ये गाणारे निराळे मंडळ उभारले. याला कुणी भांडखोरपणा म्हणेल. मी म्हणतो, भरल्या सभागृहात चार आवाजांत गायली गेलेली भाषा मग अडाण्यांची कशी राहील? याच मंडळाच्या स्पर्धेसाठी १८९४ साली सिबेलियुसने फिनिश लोककाव्यावर ‘राकास्तावा’ रचले. आणि त्याच्या घरची भाषा होती स्वीडिश! परभाषेला त्याने आपला सूर दिला. सुरांना भाषा नसती, तर हा खटाटोप कशाला?

पासिउसची ती चाल आज फिनलंडचे राष्ट्रगीत आहे, आणि ते दोन्ही भाषांत गातात. तिथे एकोपा आला तो दोघींना मान देऊन. तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी, वाचकहो, जरा थांबा!