ऑनलाइन परिषद म्हणजे दुय्यम परिषद?

ऑनलाइन परिषदेचं नाव काढलं की आपल्याकडची बरीच प्राध्यापक मंडळी नाक मुरडतात. "कोविडची मजबुरी होती, संपली एकदाची!" त्यांच्यासाठी ही गोष्ट.

१९८१ साली मायकेल फ्रीडमन या अमेरिकन गणितज्ञाने चार मितींच्या टोपोलॉजीतला एक जुना प्रश्न सोडवला. टोपोलॉजी म्हणजे रबरी भूमिती. आकार ताणा, वाकवा, पण फाडायचा नाही. गोलाची ठरावीक लक्षणं असलेला आकार या अर्थाने गोलच असतो का? चार मितींसाठी उत्तर 'हो' आलं आणि १९८६ला फ्रीडमनना फील्ड्स पदक मिळालं.

पण सिद्धता इतकी किचकट, की ती मुळापासून समजलेली माणसं जगात मोजकीच. कागदावर कमी, तोंडी जास्त. गुरूबरोबर बंदिश जावी तशी ही सिद्धताही जायची वेळ आली होती.

मग २०१३ला फ्रीडमननी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात बारा व्याख्यानं दिली आणि जर्मनीत बॉनच्या माक्स प्लांक संस्थेत बसून लोकांनी ती थेट पडद्यावर ऐकली. चर्चा झाल्या, टिपणं निघाली. त्याच कामातून पुढे २०२१मध्ये ऑक्सफर्डने त्या सिद्धतेवरचं जाडजूड पुस्तक काढलं. तेव्हा कोविड कुठे होता?

समोरासमोर भेटण्याची मजा वेगळी, मान्य. लिसा पिचिरिलोनं २०१८मध्ये एका परिषदेतच कॉनवेच्या गाठीचा प्रश्न ऐकला आणि आठवड्याच्या आत सोडवला. तोही चार मितींशीच जोडलेला, पन्नासेक वर्षं अडलेला प्रश्न! पण त्या हॉलपर्यंत पोचायचं कुणी? नांदेड-चंद्रपूरच्या एमएस्सीच्या पोरीला विमानाचं तिकीट कोण काढून देणार? तिला तो प्रश्न निदान ऐकू तरी येऊ दे की!

म्हणून म्हणणं साधं आहे. हॉलमध्ये जरूर भेटा, जेवणावळी घाला. पण जी परिषद जनतेच्या पैशातून होते, तिची लिंक खुली हवी आणि रेकॉर्डिंग सक्तीचं हवं. बंगळुरूची आयसीटीएस संस्था आपली व्याख्यानं यूट्यूबवर टाकते. मग आपल्या प्रत्येक विद्यापीठाला हे का जमू नये? एक कॅमेरा, एक बरा माइक, बास.

खोलीत कोंडलेलं ज्ञान खोलीबरोबरच संपतं. तुमच्या कॉलेजातल्या मागच्या परिषदेचं रेकॉर्डिंग आहे का? एकदा विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते इथे सांगा.