चिपको आणि ‘शहरी हौस’


‘झाडे वाचवण्यासाठीचे चिपको आंदोलन ही शहरी पर्यावरणवाद्यांची हौस’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत वाचून नवल वाटले. १९७३ मध्ये आजच्या उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात मंडल येथे भांडण सुरू झाले ते अंगूच्या लाकडावरून. शेतीची अवजारे करायला गावकऱ्यांच्या संस्थेला वनखात्याने ते नाकारले, आणि तीच झाडे खेळाचे सामान बनवणाऱ्या कंपनीला दिली! २६ मार्च १९७४ रोजी त्याच जिल्ह्यातील रेणी गावचे पुरुष नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेलेले असताना ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला जंगलात शिरली, तेव्हा गावच्याच गौरादेवी इतर बायकांना घेऊन आडव्या आल्या. पुढे सरकारी समितीनेच त्यांचे म्हणणे मान्य केले आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात १० वर्षे तोडबंदी झाली. यात शहर कुठे आले?
– एक वाचक, सातारा