अब्बूंची अदलाबदल राहूनच गेली

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकटीने हट्ट धरला, की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा आणि तो अब्बूंनी निवडायचा. आम्हाला आठवला तो शाळकरी वयात, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेला एक खुळा इंग्रजी सिनेमा, ‘फ्रीकी फ्रायडे’. डिस्नेचा, 1976 सालचा. तेव्हा इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं, तरी हसून हसून पोट दुखलं होतं. ‘घरात सगळ्यांनी बसून पाहण्यासारखा आहे,’ अशी ग्वाही देऊन आम्ही तो लावला.

गोष्ट चिमूटभर. अमेरिकेतलं एक सुखवस्तू घर. तेरा वर्षांची अ‍ॅनाबेल आणि तिची आई एलन यांची सकाळीच जुंपते. मुलीला वाटतं, आईचं बरं आहे, ना शाळा ना गृहपाठ. आईला वाटतं, पोरीचं बरं आहे, ना जबाबदारी ना काळजी. एकाच क्षणी दोघींच्या तोंडून निघतं, एक दिवस हिची जागा मला मिळाली तर! आणि मिळते. आईच्या शरीरात मुलगी, मुलीच्या शरीरात आई. कसं झालं, ते कोणी सांगत नाही. तारीख तेरा आणि वार शुक्रवार, एवढंच. तिकडे हा दिवस अशुभ समजतात. आपल्याकडे जुम्मा हा आठवड्यातला सर्वांत बरकतीचा दिवस, आणि अपशकुन मानू नये ही तर दीनची शिकवणच. त्यामुळे ती जादू आम्ही हसण्यावारी नेली.

पुढचा दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. बार्बरा हॅरिस या अभिनेत्रीने आईच्या देहातली तेरा वर्षांची पोर अशी उभी केली आहे, की तिच्या चालण्यातसुद्धा पोरकटपणा दिसतो. कपडे धुण्याचं यंत्र तिला आवरत नाही. तिकडे शाळेत आई टंकलेखनाच्या तासाला यंत्रांची वाट लावते आणि हॉकीच्या मैदानावर आपल्याच संघाविरुद्ध गोल करते. मुलीच्या भूमिकेतली जोडी फॉस्टर तेव्हा खरोखरच तेरा वर्षांची होती, पण चेहऱ्यावर प्रौढ बाईचा गोंधळ अचूक दाखवते. शेवटी पोलिसांच्या गाड्यांचा पाठलाग वगैरे आहेच. आमची धाकटी खिदळत होती.

या वेळी मात्र आम्हाला दोन जागा वेगळ्या दिसल्या. पहिली भावाची. अ‍ॅनाबेल धाकट्या भावाला माकडतोंड्या म्हणून हिणवते. तोच भाऊ आईपाशी मन मोकळं करताना ताईचं कौतुक करतो. समोर आई नाही, ताईच आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक! वर्गात आम्ही हे रोज पाहतो. तोंडावर भांडणारी भावंडं एकमेकांच्या माघारी एकमेकांची बाजू घेतात. फक्त समोर कोणी बोलत नाही.

दुसरी जागा वडिलांची. बिल हे गृहस्थ वाईट नाहीत. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, कमावून आणतात. फक्त घरी सांगून मोकळे होतात. त्यांच्या कामाचा मोठा समारंभ आहे, जेवणाची ठरलेली सोय फिसकटली, तर बायकोने पंचवीस जणांचं जेवण करावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आईच्या देहातली अ‍ॅनाबेल आपल्या लाडक्या वडिलांचं हे रूप पहिल्यांदाच पाहते आणि चिडते.

नेमकं इथे धाकटीचं हसणं थांबलं. तिने अम्मीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ‘अब्बू, हे तर तुमच्यासारखंच,’ ती म्हणाली. मुलांची अम्मी काही बोलली नाही. तिने नजरही पडद्यावरून हलवली नाही, आणि तेच जास्त लागलं.

गेल्या रमजानची गोष्ट. दुपारी दोन वाजता आम्ही शाळेतून फोन केला होता, ‘आज इफ्तारला स्टाफमधले दहा जण येतायत.’ विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. रोजेदाराला इफ्तार करवण्याचा सवाब मोठा, हे आम्हाला पाठ होतं. पण स्वतः रोज्यात असताना तीन तास चुलीपुढे कोण उभं राहिलं, ते मनातही आलं नाही. पाहुण्यांनी तारीफ केली, ती आम्ही स्वीकारली.

सिनेमात आई आणि मुलगी एकमेकींचा दिवस जगून शहाण्या होतात. बिलवर मात्र ती पाळी दिवसभर येत नाही. गंमत अशी, की ही कल्पना मुळात बापलेकाच्या गोष्टीतून आलेली दिसते. इंग्लंडमध्ये 1882 साली एफ. अ‍ॅन्स्टी यांनी ‘व्हाइस व्हर्सा’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात हिंदुस्थानातून आणलेल्या गरुड-खड्याच्या जादूने बापाची मुलाशी अदलाबदल होते, आणि शाळेचे दिवस म्हणजे सुखाचे दिवस असं बजावणाऱ्या बापाला स्वतःच वसतिगृहाच्या शाळेत जावं लागतं. मेरी रॉजर्स यांनी 1972 साली ‘फ्रीकी फ्रायडे’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात आई आणि मुलगी आल्या. सिनेमाची पटकथाही त्यांचीच.

आपल्याला मात्र खड्याची गरज नाही. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं, की प्रेषित (सल्ल.) घरात असताना काय करत. त्यांनी सांगितलं, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. ही हदीस आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल. मुलांनी वहीत उतरवून घेतली, परीक्षेत लिहून गुणही मिळवले. घरात तिची परीक्षा आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघर मागून घेतलं. खिचडी खाली लागली, डाळीत मीठ दोनदा पडलं, आणि भांडी संपता संपता असरची अजान झाली. दमलो होतो. पण एका दिवसाने माणूस बदलतो, असं आम्ही म्हणणार नाही. ते सिनेमात होतं.

वाचकांतल्या अब्बूंना म्हणूनच एक छोटीशी विनंती. पाहुण्यांना होकार देण्याआधी घरी एक फोन करा आणि सांगण्याऐवजी विचारा, ‘आज जमेल का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तेही खुशीने ऐका. आम्हाला परवाच तसं ऐकावं लागलं. पाहुण्यांना आम्ही हॉटेलात नेलं, आणि कोणाचंच काही बिघडलं नाही.