सोलर घ्यावा, पण बॅटरी कशासाठी? सीमेच्या दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा

बेळगाव : शहापूर, वडगाव, टिळकवाडीतल्या गच्च्यांवर सोलर पॅनेल दिसू लागली आहेत. आता विक्रेते त्यासोबत लिथियम बॅटरीही सुचवतात. ‘बिल शून्य आणि लाईट गेली तरी घर चालू’ असे सांगितले जाते. पण ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे. दोन्ही एकाच हिशेबात घातले की गल्लत होते.

आधी पॅनेलचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटचा साधा संच दीड ते पावणेदोन लाखांत बसतो. म्हणजे घरमालकाच्या खिशातून जातात साधारण ७५ हजार ते एक लाख. त्याला गच्चीवर सावली नसलेली तीनशे चौरस फूट जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला तीनशेच्या वर युनिट मिळतात. पावसाळ्यात ते बरेच घटतात.

गृहज्योतीमुळे गणित बदलते

कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. मागच्या सरासरी वापराच्या हिशेबाने, २०० युनिटच्या आत असलेल्या घराला वीज मोफत मिळते. ज्या घराचे बिल आजच शून्य येते, त्याची सोलरने बचत होणार तरी कसली? अशा घराने एक लाख गुंतवण्यात अर्थ नाही.

दोनशेच्या वर गेलेल्यांचे मात्र तसे नाही. त्यांना सगळ्याच युनिटचे पैसे भरावे लागतात. युनिटचा दर सहाच्या आसपास धरला तर तीनशे युनिटमागे महिन्याला १,८०० रुपये वाचतात. लाखभर रुपये साडेचार-पाच वर्षांत वसूल होतात. स्थिर आकार तेवढा भरावाच लागतो.

शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात गेले की वीज महावितरणची. तिथे शंभर युनिटनंतर दर जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे तोच संच तिथे तीन वर्षांच्या आसपास पैसे परत करतो. पाहुण्याने कोल्हापुरात बसवला आणि त्याला परवडला, म्हणून बेळगावात तसाच परवडेल असे नाही.

बॅटरीने बिल कमी होते का?

अनेकांना पॅनेल बसवल्यावर एक धक्का बसतो. लाईट गेली की साधा ऑनग्रिड सोलरही बंद पडतो, अगदी भर उन्हात. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच केलेली असते. अंधारात घर चालू ठेवायचे तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. पाच युनिटच्या लिथियम बॅटरीसह हा वाढीव खर्च सव्वा ते दीड लाखांवर जातो आणि बॅटरीवर सूर्यघरचे अनुदान नाही.

ही बॅटरी दहा वर्षे रोज चार युनिट वापरली, असे धरू. तरी साठवलेल्या प्रत्येक युनिटला आठ ते दहा रुपये पडतात. नेट मीटर असेल तर दिवसा लाईनला दिलेले युनिट रात्री वापरातून वजा होतात, म्हणजे साठवण फुकटातच होते. त्यामुळे बॅटरीने बिल आणखी कमी होत नाही. उलट साडेचार-पाच वर्षांची वसुली अकरा वर्षांवर जाते आणि तोवर बॅटरी बदलायची वेळ येते.

मग बॅटरी कुणी घ्यावी?

घरात ऑक्सिजन मशीनवरचा रुग्ण असेल, घरून काम चालत असेल किंवा दुकानात फ्रीजरचा माल असेल, तर बॅटरीचे मोल बिलात मोजता येत नाही. खानापूर, जांबोटी भागात पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटली की तासन् तास अंधार असतो. पण ऊनही तेव्हाच नसते, हे विसरून चालणार नाही. चार एलईडी दिवे, दोन पंखे आणि वायफाय सहा तास चालवायला जेमतेम एक युनिट लागते. तेवढ्यासाठी साधा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी पुरते. ती चार-पाच वर्षांनी बदलावी लागली तरी खर्च कितीतरी कमी.

सही करण्याआधी बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. सोलरनंतर गृहज्योतीचा लाभ कसा धरला जाईल, हे हेस्कॉमच्या कार्यालयात लेखी विचारावे. कोटेशनमध्ये पॅनेल आणि बॅटरीची किंमत वेगवेगळी मागावी. हे आकडे वेगळे करून द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याला ॲडव्हान्स देण्याची घाई नको.